टीव्हीच्या डोक्यावरचा डब्बा

भिलाईत टीव्हीच्या डोक्यावर डब्बा बसवायची सुरुवात मी केली, असं म्हटलं तर सुपेल्याच्या बाजारातले दोन-तीन जुने दुकानदार अजूनही भांडायला उठतील. उठू देत. त्यातला एक आता मोबाइलची कव्हरं विकतो, दुसऱ्याला ऐकू येत नाही. आमच्या मराठी मंडळाच्या संपादकबाई मागे लागल्या, की हटवार, तुम्ही एवढी वर्षं घरोघरी हिंडलात, धंद्यातलं काहीतरी लिहून द्या. मी म्हटलं, बाई, सगळं जग टीव्हीचं तोंड पाहतं, मी आयुष्यभर त्याची पाठ पाहिली. माझ्याकडे काय असणार? मग घरी येऊन विचार केला तेव्हा वाटलं, पाठीमागे बसलेल्या माणसाला एक गोष्ट मात्र दिसते. टीव्ही पाहणाऱ्यांची तोंडं. ती माझ्याइतकी कोणी पाहिली नसतील.

आज घरोघरी सेट-टॉप बॉक्स आहे, पण टीव्ही भिंतीला चिकटून इतका बारीक झाला की त्याला टॉपच उरला नाही. बॉक्स बिचारा खाली कुठल्यातरी फळीवर धूळ खात पडलेला असतो. आमच्या वेळी तसं नव्हतं. टीव्ही म्हणजे भरभक्कम पेटी, तिला सरकती दारं, वर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर प्लास्टिकची फुलं. ती फुलं बाजूला करून मी माझा डब्बा ठेवायचो. घरच्या बाईला ते अजिबात आवडायचं नाही.

हा डब्बा कशाला, ते नवीन लोकांसाठी सांगतो. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो आणि नव्वदीच्या सुरुवातीला केबल नुकती आली होती. जुन्या टीव्हीला एक गोल बटन असायचं, कट्-कट् करत फिरणारं, त्यावर बारापर्यंत आकडे. केबलवाल्याच्या तारेतून मात्र त्याहून जास्त चॅनल यायचे. जे जास्तीचे, ते आकड्यांच्या मधून नाहीतर वरून निघून जायचे. बस येते खरी, पण तुमच्या स्टॉपवर थांबत नाही, असा तो प्रकार. माझा डब्बा या सगळ्या बसगाड्या अडवायचा आणि एकेक करून एकाच स्टॉपवर आणून उभ्या करायचा. टीव्ही कायम तीन नंबरवर ठेवायचा, त्याच्या बटनाला हात लावायचा नाही, जे काय बदलायचं ते डब्ब्यावर बदलायचं. मी त्याला ऐटीत 'कन्व्हर्टर' म्हणायचो. लोकांनी त्याला डब्बाच म्हटलं.

यातलं 'हात लावायचा नाही' हे लोकांना कधीच पटलं नाही. ज्या बटनावर इतकी वर्षं घरच्या कर्त्या माणसाचा हक्क, ते एकदम बिनकामाचं कसं होईल? निम्म्या तक्रारी तेवढ्याच. मी जायचो, टीव्ही परत तीन नंबरवर करायचो, चहा प्यायचो आणि निघायचो. शेवटी मी जखमेवरची पट्टी त्या बटनावर चिकटवायला लागलो.

जुन्या सुपेल्यात एक टायरवाला होता, छत्तीसगढी माणूस, फार भला. तो एकदा धावत दुकानात आला आणि म्हणाला, "भैया, जल्दी चल. डब्बा ला बुखार धर ले हे." जाऊन पाहतो तर डब्ब्यावर ओला टॉवेल, घडी घालून, तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवतात अगदी तसा. डब्बा गरम व्हायचाच, आत ट्रान्सफॉर्मर होता. पण त्याची बायको दर थोड्या वेळाने टॉवेल बदलत होती आणि पाणी आत झिरपत होतं. दोन दिवस उन्हात वाळवून मी तो डब्बा जगवला. पुढे पुष्कळ वर्षं चालला, फक्त पडद्यावर थोड्या मुंग्या कायमच्या राहिल्या. टायरवाला म्हणायचा, आजारातून उठलाय, अशक्तपणा राहणारच.

आता आमच्या धंद्यातली खरी गोष्ट. अँटेना असो की केबल, हे काम एकट्या माणसाला करता येत नाही. मी गच्चीवर, टीव्ही खाली. वर मी अँटेना फिरवणार, नाहीतर केबलच्या अँप्लिफायरचा स्क्रू पिळणार, आणि खालून कोणीतरी ओरडून सांगायला पाहिजे. स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरांमध्ये, मलयाळी, तेलुगू, बंगाली, पंजाबी, सगळा भारत राहायचा, पण गच्चीवरची भाषा सगळ्यांची एकच. मी वरून "आया?" विचारायचो आणि खालून "गया!" यायचं. मराठी घर असलं की "आलं का?" आणि "गेलं!" या दोन शब्दांवर माझं आयुष्य गेलं म्हटलं तरी चालेल. आणि एकदा का चित्र स्वच्छ आलं, की खालची माणसं वरच्या माणसाला साफ विसरतात. हाक मारा, ओ देत नाहीत. सगळे पाहत बसलेले असतात. म्हणून खाली सामसूम झाली की समजायचं, काम झालं. मग आपली हत्यारं गोळा करायची आणि कोणाची वाट न पाहता उतरायचं.

मला त्या सामसुमीची सवय होती. माझे वडील भंडाऱ्याकडची शेती भावाला देऊन प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे मजूर, म्हणून आले. मला प्लांटने घेतलं नाही, म्हणून मी रेडिओचं काम शिकलो. लग्न केलं, पण बायको काविळीने गेली, मूलबाळ नाही. दुकानामागच्या खोलीत राहायचो. दिवसभर दुसऱ्यांच्या बैठकीच्या खोल्यांत असायचो, माणसांच्या तोंडासमोर, आणि माझ्याशी कोणी बोलत नसे, कारण ते टीव्हीकडे पाहत असत. स्वतःच्या खोलीत मी टीव्ही ठेवला नव्हता. लोकांना त्याचं हसू यायचं. मला एकटं वाटायचं, पण त्यावर टीव्ही हा इलाज नाही एवढं मला कळत होतं.

लांजेवार काका हे मला ओळखीचे, कारण त्यांचं गाव आमच्या गावापासून एका नाल्यापलीकडे. प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायचे. रिटायर झाल्यावर सेक्टरमधलं क्वार्टर सोडावं लागलं, म्हणून त्यांनी जुनवानीत घर बांधलं. तेव्हा जुनवानी म्हणजे शेतं, बाभळी आणि मधेमधे एखादं घर. एक दिवस ते दुकानात आले. चालल्याने धाप लागली होती. स्टुलावर बसले आणि श्वास जागेवर आल्यावर म्हणाले, "हटवार, केबलवर मराठी येते म्हनतेत. खरं काय?"

"येते जी. मुंबईचा सरकारी चॅनल. पन तुमच्या टीव्हीवर नाही दिसनार. डब्बा लागन."

"लाव मंग."

"काय पाहाचं हाय काका एवढं? बातम्या त हिंदीत बी येतेत."

त्यांनी रस्त्यावरच्या टेम्पोंकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "मले काई नाही पाहाचं. डॉक्टरनं फेफडे पाह्यले माये. तुया काकूले नाही सांगतलं. मी गेल्यावर तिच्याशी बोलन कोन?"

हे काय ते मला लगेच समजलं. काकूंना मी ओळखत होतो. सेक्टरमध्ये होत्या तोवर शेजारी दोन्हीकडे आपलेच लोक, भंडाऱ्या-गोंदियाचे. दिवसभर ओट्यावर गप्पा. त्यामुळे हिंदी कधी शिकायची गरजच पडली नाही. त्यांचं हिंदी भाजीपुरतं. जुनवानीत आल्यावर एका बाजूला बिहारी कुटुंब, दुसऱ्या बाजूला शेत. मुलगा रूरकेल्याला, सून तिकडचीच, आणि नातवंडं आजीशी फोनवर हिंदीत बोलायची. घरात मराठी बोलणारं माणूस एकच उरलं होतं, आणि ते माझ्यासमोर स्टुलावर बसून धापा टाकत होतं.

"माणूस त मी देऊ शकत नाही," काका म्हणाले, "आवाज त देऊ शकतो का नाही? पन तिले सांगू नको. मले बातम्या पाहाच्या हायेत म्हनून सांगजो."

मी दुसऱ्याच दिवशी डब्बा घेऊन गेलो. काकूंनी फुलदाणी उचलली, नाक मुरडलं आणि विचारलं, "कावून एवढा खटाटोप करून राहिले जी? मले त टीव्हीतलं काई समजत नाही."

"मले बातम्या पाहाच्या हायेत," काका खुर्चीतून म्हणाले. मी टीव्हीच्या पाठीमागे तोंड लपवलं.

डब्बा लागला. हिंदीचे सगळे चॅनल झकास आले. मराठी मात्र येईना. पडद्यावर नुसता मुंग्यांचा ढीग आणि त्यात एक आकृती, बाई आहे की बुवा तेही कळेना. कारण सोपं होतं. जुनवानीची तार स्मृतीनगरकडून यायची, लांबच लांब. तार जितकी लांब तितका आत येणारा जोर कमी, आणि त्यातही वरच्या नंबरचे चॅनल आधी मरतात. मराठी चॅनल केबलवाल्याने सगळ्यात शेवटी टाकलेला. मी गच्चीवर जाऊन जोड साफ केले, खालून काकू ओरडून सांगत होत्या. त्यांचं ओरडणं ऐकण्यासारखं होतं. चित्र थोडं जरी हललं तरी "गेलं, अवो, गेलं!" असं किंचाळायच्या, जणू चुलीवरचं दूध उतू गेलं. मला वर हसू यायचं. माझ्या एवढ्या वर्षांत चित्राचं जाणं कोणी इतकं मनाला लावून घेतलं नव्हतं.

वाटेत जोर वाढवणारा अँप्लिफायर घातल्याशिवाय उपाय नव्हता, आणि तो केबलवाल्याचा. हा केबलवाला म्हणजे सुपेल्यातला गुप्ता. तो म्हणाला, "हटवार, जुनवानी में मराठी देखेगा कौन? एक घर के लिए मशीन लगाऊँ?" मी रोज त्याच्या दुकानात जाऊन बसायला लागलो. भांडलो, गोड बोललो, त्याचा बिघडलेला व्हीसीआर फुकट नीट करून दिला. तो आज देतो, उद्या देतो करत राहिला. इकडे लांजेवार काका दर आठवड्याला मिनीबसने दुकानात यायचे. येऊन फक्त विचारायचे, "कधी?" दर वेळी त्यांचा सदरा आणखी मोठा दिसायचा. मग त्यांचं येणं बंद झालं, आणि मी गुप्ताच्या दुकानातून अँप्लिफायर अक्षरशः उचलून आणला. तो मागून ओरडत राहिला.

होळी नुकतीच होऊन गेली होती. सकाळची वेळ, पण वारा असा की गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दोरीला गुंडाळून गेले होते. काका टीव्हीसमोर खुर्चीत, पाठीला उशी, अंगावर चादर. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली. काकूंना डब्ब्याजवळ उभं केलं, नंबर लावून दिला आणि मी वर गेलो. पाण्याच्या टाकीच्या पाइपाला अँप्लिफायर बांधला, तार जोडली. त्याला एक छोटा स्क्रू असतो. कमी पिळला तर मुंग्या, जास्त पिळला तर चित्र फाटतं. दोन्हीच्या मधे केसाएवढी जागा, ती सापडायला पाहिजे.

"आलं का?"

"नाही जी!"

आणखी थोडा पिळला. "आता?"

"माणूस दिसून राहिला! आवाज नाही!"

आणखी थोडा. आणि खालून काकूंचा आवाज आला, त्यात असा आनंद की मीही वर एकटाच हसलो. "आलं! आवाज बी आला! मराठीच हाय जी!"

मी जोडावर टेप गुंडाळायला घेतली. हात लागला की सेटिंग हलतं, हे ठरलेलंच. टेपचे दोन-चार वेढे झाले असतील, तेवढ्यात खालून किंकाळी आली.

"गेले! अवो, गेले जी, गेले!"

"गेलं?" मी ओरडलो. "थांबा काकू, थांबा! आत्ता परत आणतो!"

स्क्रू एक केस मागे घेतला, मग एक केस पुढे. कान खिडकीकडे. वारा पडला तसं टीव्हीतलं बोलणं ऐकू आलं, स्वच्छ, खणखणीत मराठी. "आलं का?" मी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. खाली सामसूम. मी खूश झालो. काम झालं होतं, दोघं पाहत बसली होती. मी निवांतपणे टेप पुरी केली, तार नीट ओवून बांधली, कपड्यांचे पीळ काढून दोरीवर सरळ केले. दूर प्लांटच्या चिमण्यांचा धूर वाऱ्याने आडवा झाला होता. फार दिवसांनी मला माझ्या कामाचा अभिमान वाटला. मग मी उतरलो.

टीव्हीवर एक गृहस्थ वांग्यावरच्या किडीचा बंदोबस्त सांगत होते. मुंगी म्हणून नव्हती पडद्यावर. काकांची मान एका बाजूला कलली होती. काकू त्यांचा हात धरून उभ्या होत्या. रडत नव्हत्या, ओरडत नव्हत्या, दाराकडे पाहत होत्या. मी आत आलो तसं त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. माझ्या एका हातात स्क्रू पिळायचा पेचकस होता आणि दुसऱ्यात टेपचं बंडल.

गेलं आणि गेले. एका मात्रेचा फरक, आणि गच्चीवरच्या वाऱ्यात मात्रा टिकत नाहीत. काकांच्या नाडीला हात लावायच्या आधीच मला काय झालं ते कळलं होतं. मी धावत जाऊन डॉक्टरला आणलं, रूरकेल्याला ट्रंक कॉल लावला, शेजारच्या बिहारी बाईंना बोलावलं. आणि या सगळ्यात तो वांगीवाला गृहस्थ बोलतच होता. कोणाला टीव्ही बंद करायचं सुचलं नाही. शेवटी मीच केला.

या गोष्टीचं मला फार वाईट वाटत राहिलं. काका मरणारच होते, मी उतरलो असतो तरी वाचले नसते, हे डॉक्टरनेच सांगितलं. ते खरं. पण एक बाई खाली मेलेल्या नवऱ्याजवळ एकटी उभी आहे आणि मी वर दुसऱ्याचे कपडे सरळ करत गुणगुणतो आहे, हे डोळ्यांसमोरून हलेना. आपल्या भाषेत हाक मारावी असं तिला एकच माणूस उरलं होतं, तेही वर, आणि त्याने भलतंच ऐकलं.

तेरवी झाली, पाहुणे गेले. मुलगा आईला नेणार होता, पण काकू जायला तयार झाल्या नाहीत. पावसाळ्याच्या तोंडी मी लाइन तपासायच्या निमित्ताने गेलो. टीव्ही बंद होता. डब्ब्यावर क्रोशाचा रुमाल घालून वर फुलं पहिल्यासारखी ठेवलेली.

"बिघडला काय जी?" मी विचारलं.

"नाही. मीच बंद करून ठेवला." काकूंनी चहा पुढे केला. "पाह्यला चार दिवस. लई चांगलं बोलते, पुन्या-मुंबईचं. पन भाऊ, तो बोलते, आयकत नाही. मी काई म्हनलं त हूं नाही म्हनत."

मी हूं म्हटलं. मग त्या बोलायला लागल्या. त्यांच्या माहेरचं बोलल्या, सेक्टरमधल्या ओट्याचं बोलल्या, काका क्रेनवरून उतरून घरी आले की कानात लोखंडाचा आवाज घेऊन यायचे आणि कसे मोठ्याने बोलायचे, ते सांगितलं. मी हूं म्हणत बसलो. चहा गार झाला. माझ्याशी इतकं कोणी कधी बोललं नव्हतं, आणि मीही इतकं कधी ऐकलं नव्हतं. शेवटी त्या थांबल्या तेव्हा मी मनाचा हिय्या केला.

"काकू, त्या दिवशी मी वरून जे बोललो... मले गेलं असं आयकू आलं."

"हाव. मले मंग समजलं."

"तुमी पुन्हा हाक कावून नाही मारली?"

काकूंनी कप उचलले. दारापर्यंत गेल्या आणि तिथूनच, माझ्याकडे न पाहता, म्हणाल्या, "तुमी म्हनलं ना, थांबा, आत्ता परत आणतो. मंग मी थांबली."

मी उठून बश्या गोळा केल्या.

"खरंच थांबली जी मी. तुमी जिन्यावरून उतरेपर्यंत."